कबर आडवी की उभी?

‘साहेब, कबर आडवी घेऊ की उभी?’

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा आला की पुरवणीच्या टेबलावर हा प्रश्न ठरलेला. विचारणारा आमचा पान लावणारा गडी. कबरीत कोण झोपलंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. फोटो चार कॉलमांत आडवा पसरला तर मथळा वर जातो, दोन कॉलमांत उभा घेतला तर शेजारी चौकट बसते, एवढाच त्याचा हिशेब. कबर पारोची. सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावातली. फोटो दरवर्षी तोच, फाइलमधला. मथळा मात्र नवा लागायचा. ‘अजिंठ्याची अमर प्रेमकथा’ देऊन झाला, ‘कुंचला, कातळ आणि पारो’ झाला, एका वर्षी तर कुणीतरी ‘मराठवाड्याचा ताजमहाल’ असाही ठोकला. शहरात बीबी का मकबरा ढळढळीत उभा असताना!

औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर, पण यातले बरेच किस्से जुन्या पाटीखालचे) पुरवणी काढणाऱ्याला दोन गोष्टी फुकट मिळतात. अजिंठा आणि वेरूळ. लेखकाने दगा दिला, जाहिरात ऐन वेळी गळाली, अर्धं पान उघडं पडलं, की लेणी धावून येतात. मी हे काम वीसेक वर्षं केलं. तेवढ्या काळात पारोच्या गोष्टीतल्या रॉबर्ट गिल या चित्रकारावर माझ्या हातून दहा-बारा लेख तरी गेले असतील, आणि त्यांतल्या एकाही लेखाबरोबर त्याचं एकही चित्र छापलं गेलं नाही. हे मला कळायलासुद्धा बाहेरचा माणूस यावा लागला.

तो माणूस म्हणजे एक ड्रॉइंग मास्तर. किलेअर्कातल्या शासकीय कला महाविद्यालयात शिकून पुढे शाळेवर लागलेले. एका सोमवारी सकाळी ते ऑफिसात आले ते थेट माझ्या टेबलाशी. हातात आमचीच पुरवणी, एका ओळीखाली लाल रेघ. ओळ अशी होती की पारो रानातून पानं, फुलं, रंगीत दगड वेचून आणायची आणि गिलसाहेब त्यांचे रंग करून चित्रं काढायचा.

‘हे कुणी सांगितलं तुम्हाला?’

‘सर, सगळेच सांगतात की.’

‘सगळे म्हणजे कोण? गाईड? का मागच्या वर्षीची तुमचीच पुरवणी?’

मी गप्प. कारण उत्तर तेच होतं.

‘तो माणूस कॅनव्हासवर तैलरंगात काम करायचा,’ मास्तर म्हणाले. ‘उरलीसुरली चित्रं लंडनच्या म्युझियमात आहेत. दगडामातीचे रंग होते ते मूळ लेण्यांतले, दीड हजार वर्षांपूर्वीचे. तुम्ही दोघांचे रंग एकमेकांत कालवलेत.’ जाताना दारातून मागे वळून म्हणाले, ‘आणि ते तरुण अधिकारी, तरुण अधिकारी काय लावलंय? जरा वय काढा त्याचं.’

वय काढलं. गिलचा जन्म 26 सप्टेंबर 1804 चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेतला कॅप्टन. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचं काम त्याच्याकडे आलं 1844 साली, म्हणजे चाळिशीला टेकलेला. पारो गेली 23 मे 1856 ला, तेव्हा तो एक्कावन्न वर्षांचा होता. त्याआधीच, 1841 मध्ये, त्याचं फ्रान्सिस रिकर्बी या बाईशी लग्न झालेलं, मुलं झालेली. त्यांतला बंगलोरला जन्मलेला विल्यम पुढे पश्चिम चीनमध्ये हिंडलेला नामांकित प्रवासी निघाला आणि 1882 मध्ये सिनाईच्या वाळवंटात मारला गेला. पारोच्या पश्चातही गिलच्या घरात इथली एक स्त्री होती, तिच्यापासून झालेल्या दोन मुली होत्या. यातलं काहीही आमच्या पुरवणीत कधी आलं नव्हतं. जागा नव्हती असं नाही. लग्नाची बायको आणि पारोनंतरचं घर छापलं असतं तर ‘अमर’ हा शब्द मथळ्यातून काढावा लागला असता.

मास्तरांनी डिवचल्यावर मी पहिल्यांदा गिलच्या कामाबद्दल वाचायला बसलो. लाज वाटली ती त्या वाचनात. जेम्स फर्ग्युसन हा वास्तुशास्त्राचा अभ्यासक 1839 मध्ये अजिंठ्याला येऊन गेला. 1843 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला आणि ही चित्रं नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्या म्हणून लकडा लावला. त्यातून गिलची नेमणूक. तो राहायचा अजिंठा गावातल्या बारादरीत. तिथून लेणी दहा-बारा किलोमीटर, घाट उतरून. भिंतींवर धुराचं किटण, आत वटवाघळं, भोवती वाघाचं रान. दीडशे वाघ गिलच्या नावावर सांगितले जातात; आकडा खरा असो नसो, शिकारी तो पक्का होता. या अंधारात शिरून, भिंतीवरची चित्रं डोळ्यांनी उचलून मोठाल्या कॅनव्हासवर उतरवायची, गुंडाळ्या करून बंदराला धाडायच्या, तिथून जहाजाने विलायतेला. हे त्याने एक-दोन हंगाम नाही केलं. 1863 पर्यंत केलं. जवळजवळ वीस वर्षं.

ती चित्रं लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. 1866 च्या डिसेंबरात तिथे आग लागली आणि वीसहून अधिक कॅनव्हास जळून गेले. वाचले ते मोजून चार-पाच, प्रदर्शनात नव्हते म्हणून. ते आज व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत.

आमच्या धंद्याच्या नजरेने बघा. चित्रकार आहे, चित्रं नाहीत. उरलं काय? गावातला एक दगड आणि त्यावर ‘माझी लाडकी पारो’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि तारीख. चित्रं शिल्लक असती तर कदाचित आम्ही चित्रांवर लिहिलं असतं. कदाचित नसतंही. पण दगडाचा फोटो काढायला सिल्लोडचा वार्ताहर मोटारसायकलवर तासाभरात जाऊन येतो. लंडनच्या म्युझियममधल्या चित्राचा फोटो मागवायचा तर पत्र, परवानगी, पैसे. पुरवणी शुक्रवारी रात्री सोडायची असते. तेव्हा कबर. दरवर्षी कबर.

आणि गंमत अशी की ज्याला आम्ही रानावनात हरवलेला प्रेमवीर करून ठेवला, तो स्वतः त्याच्या काळातला पक्का माध्यमवाला होता. 1850 च्या दशकातच त्याच्या हातात कॅमेरा आला होता. 1864 मध्ये त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं लंडनमध्ये निघाली, मजकूर फर्ग्युसनचा. एकात शंभर स्टिरिओ फोटो. म्हणजे एकाच दृश्याचे किंचित फरकाचे दोन फोटो शेजारी चिकटवलेले. दुर्बिणीसारख्या यंत्रातून बघितलं की खांब पुढे येतो, गाभारा मागे जातो. त्या काळी विलायतेतल्या बैठकीच्या खोलीत पाहुण्यांना दाखवायचा हा आवडता खेळ होता. अजिंठा न बघितलेल्या लोकांच्या घरात अजिंठा खोलीसकट पोचवणारा हा माणूस. पुढे त्याने लोणारच्या देवळांचेही फोटो काढले. आमच्याकडे लोणारवर पुरवणी निघते तेव्हा सरोवर येतं, उल्का येते, गिल येत नाही. कारण गिलचा कप्पा ठरलेला आहे: फेब्रुवारी.

आता गाईडांचं. फर्दापूरचा एक जुना गाईड माझ्या ओळखीचा. अजिंठ्याचा पहिला ‘हिरो’ त्याच्या लेखी गिल नव्हेच, जॉन स्मिथ. मद्रास फौजेतला हा अधिकारी 28 एप्रिल 1819 ला लेण्यात शिरला आणि दहाव्या लेण्याच्या खांबावर नाव-तारीख कोरून गेला. आत तेव्हा मातीचा ढिगारा साचलेला, त्यामुळे तो उभा होता त्या उंचीवरचं नाव आता डोक्याच्या बरंच वर गेलंय. कोरलेलं नाव आहे, तारीख आहे, पुराव्याला आणखी काय पाहिजे? पण गाईड काही तेवढ्यावर थांबत नाही. वाघ येतो. वाघ पळतो, स्मिथ मागे लागतो, वाघ झाडीत शिरतो आणि झाडीमागे लेण्याची कमान.

मी त्याला एकदा विचारलं, ‘दादा, वाघ खराच होता का हो?’

तो म्हणाला, ‘साहेब, वाघ काढून बघितला एका हंगामात. तारीख सांगितली, खांब दाखवला, शिलालेख सांगितला. टिप निम्म्यावर आली. आता वाघ मी सोडत नाही. पारो पण सोडत नाही. पारो सांगितली की बायामाणसं थांबून ऐकतात.’

मग आवाज खाली आणून, ‘तुम्ही तरी कुठं सोडता?’

खरंच होतं. आणि ज्यांच्यावर पहिला हक्क त्या मूळ चित्रकारांचं काय? त्यांच्या बाबतीत आम्ही सगळेच, गाईड, वर्तमानपत्रं, माहितीपट, एका सुरात ‘ध्यानस्थ भिक्षूंनी साकारलेली चित्रं’ असं म्हणून मोकळे होतो. शिलालेखांत दात्यांची नावं आहेत. सोळावं लेणं वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने खोदवून घेतलं, सव्विसावं भिक्षू बुद्धभद्राने. पैसे देणाऱ्यांची नावं कोरली गेली. ब्रश धरणाऱ्यांची नाहीत. ज्या हातांनी राजवाडे, दागिने, नटलेल्या स्त्रिया, बाजारातली माणसं अशी रंगवली, ते हात धंदेवाईक कसबी चित्रकारांचे असणार असं अभ्यासक सांगतात. पण ‘कारागिरांच्या टोळ्या मजुरी घेऊन काम करत’ ही ओळ कॅलेंडरवर शोभत नाही. भिक्षू शोभतो. कॅलेंडरवरून आठवलं. पद्मपाणीचा तो सोनेरी-पिवळट उजेड, जो आपण शाल, साडी, ग्रीटिंग कार्ड, सगळीकडे बघितला, त्यातला काही भाग लाखेच्या व्हार्निशचा आहे. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तंत्रज्ञांना बोलावून चित्रं पक्की करून घेतली, तेव्हा लावलेलं व्हार्निश पुढे पिवळं पडलं. पुरातत्त्व खात्याला ते नंतर निगुतीने काढत बसावं लागलं. त्या पिवळेपणावरही मी एकदा ‘प्राचीन तेज’ असा मथळा दिला आहे.

कवितेचं आणि चित्रपटाचं प्रकरण जरा वेगळं.

ना. धों. महानोर पळसखेड्याचे, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगरपट्ट्यातलेच. गिल-पारोवर त्यांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं. कवीला तो हक्क आहेच. कवितेला कुणी जन्मतारीख विचारत नाही, विचारू नये. त्या काव्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2012 मध्ये ‘अजिंठा’ हा चित्रपट काढला. गिल झाला फिलिप स्कॉट वॉलेस, पारो सोनाली कुलकर्णी, गाणी महानोरांची, संगीत कौशल इनामदारांचं. देसाई मुळात कलादिग्दर्शक, डोळ्यांना सुखावणारं उभं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाणी तर अजूनही आमच्या घरात वाजतात.

पण डेस्कवर बसून मला एक बारीक बदल दिसला. चित्रपटाच्या आधी येणाऱ्या मजकुरात एक शब्द हमखास असायचा: ‘म्हणे’. पारो म्हणे त्याला रंग करून द्यायची. पारो म्हणे त्याला लेण्यांची वाट दाखवायची. गावातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी उतरवली की ‘म्हणे’ आपोआप येतो. मराठीत तो फार कामाचा शब्द आहे, सांगणारा त्यात स्वतःला वाचवतो आणि ऐकणाऱ्यालाही सावध करतो. 2012 नंतरच्या लेखांतून ‘म्हणे’ गळाला. पारो रंग करून द्यायची. पारो वाट दाखवायची. लोकांनी डोळ्यांनी बघितलं होतं ना, पडद्यावर! एका होतकरू लेखिकेने तर गिलच्या चेहऱ्याचं असं वर्णन पाठवलं की मी विचारलं, हे कुठून आणलंस. ती म्हणाली, ‘सर, पोस्टरवरून.’ मी प्रुफात ‘म्हणे’ घालायला लागलो. पान लावणारा वैतागून म्हणायचा, ‘साहेब, या एका शब्दापायी ओळ खाली जाऊ राहिली.’ जागेसाठी मी पुन्हा काढून टाकायचो. अशी ती ‘म्हणे’ची लढाई मी शब्दसंख्येत हरलो.

सिनेमाने अजिंठ्याला हात घातला तो काही पहिल्यांदा नव्हे. 1966 च्या ‘आम्रपाली’साठी वैजयंतीमालाचे कपडे बेतायला भानू अथय्या अजिंठ्याला येऊन भिंती अभ्यासून गेल्या होत्या. त्या पोशाखांनी ‘अजिंठा शैली’ म्हणजे काय ते देशाला शिकवलं. भानूताई कोल्हापूरच्या राजोपाध्यांच्या, वडीलही चित्रकार, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. 2020 च्या ऑक्टोबरात त्या गेल्या. बातमीत मी ऑस्कर पहिल्या ओळीत घेतला, ‘गांधी’ दुसऱ्या ओळीत. ‘मूळच्या चित्रकार’ हे दोन शब्द शेवटून दुसऱ्या परिच्छेदात होते आणि जाहिरात वाढली तेव्हा तोच परिच्छेद कापला गेला.

2 ऑगस्ट 2023. नितीन देसाई गेल्याची बातमी आली. डेस्कवरच्या पोराने चित्रपटांची यादी केली: ‘लगान’, ‘देवदास’, ‘जोधा अकबर’, शेवटी दिग्दर्शित केलेला ‘अजिंठा’. पान सोडलं. दुसऱ्या दिवशी, 3 ऑगस्टला, महानोर गेले. त्याच पोराच्या हातात पुन्हा मजकूर, पुन्हा तीच ओळ शेवटच्या परिच्छेदात: गिल आणि पारो यांच्या अमर प्रेमकथेवर आधारित. त्याने ती कालच्या फाइलमधून उचलून चिकटवली होती. मी काही बोललो नाही. ती ओळ मूळ माझीच होती, दहा-अकरा वर्षांपूर्वीची.

आता माझं सगळ्यांत मोठं पाप. ‘अजिंठ्याचा शाप!’ उद्गारचिन्हासकट.

किस्सा असा. एका वर्षी फेब्रुवारीत पारो नको, वेगळं काही द्या, असा वरून आदेश आला. मी म्हटलं, आगी देऊ. गिलची चित्रं जळाली हे तर होतंच. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 पासून विद्यार्थी घेऊन येऊन सगळं काम नव्याने केलं. पेस्तनजी बोमनजींसारखे मुंबईचे चित्रकार त्यात घडले. त्या प्रती लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनला धाडल्या. 1885 मध्ये तिथेही आग लागली आणि त्यांतल्या बऱ्याच खाक झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अराई कांपो वगैरे जपानी चित्रकारांनी घेतलेल्या प्रती तोक्योत ठेवल्या होत्या, त्या 1923 च्या भूकंपात गेल्या. मधल्या काळात, 1910 च्या आसपास, ख्रिस्तियाना हेरिंगहॅम ही इंग्रज चित्रकार नंदलाल बोस, असितकुमार हलदार, व्यंकटप्पा अशा तरुण पोरांना घेऊन अजिंठ्याला तंबू ठोकून राहिली. मायदेशी परतल्यावर तिचं मन बिघडलं, उरलेलं आयुष्य रुग्णालयात गेलं. फॉर्स्टरच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’तल्या लेण्यांच्या प्रसंगामागे हीच बाई असावी, असंही पुढे लिहिलं गेलं.

चार घटना, चारही खऱ्या. मी फक्त वर एक शब्द ठेवला. शाप. पुरवणी हातोहात गेली, दोन दिवस फोन वाजत होते.

ड्रॉइंग मास्तर आलेच. यावेळी लाल पेन नव्हतं.

‘एकोणिसाव्या शतकात गॅसचे दिवे, लाकडी तुळया, आत ठासून भरलेली प्रदर्शनं. आग न लागली तर नवल. आणि ग्रिफिथ्सची दोन मोठी पुस्तकं निघाली ना 1896-97 मध्ये? ती जळाली का? नंदलाल बोसांना शाप लागला का? त्यांनी पुढे शांतिनिकेतनात दोन पिढ्या घडवल्या.’ थोडं थांबून म्हणाले, ‘त्या बाईबरोबर हैदराबादचे दोघं होते. सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन. बाई वेडी झाली म्हणून तुम्ही छापली. हे दोघं शहाणे राहिले, म्हणून नाही छापले.’

सय्यद अहमद पुढे निजामाच्या पुरातत्त्व खात्यात अजिंठ्याचे क्युरेटर झाले आणि वर्षानुवर्षं त्या भिंतींसमोर बसून प्रती करत राहिले. आपल्या भागात अजिंठ्याशी इतका घट्ट बांधलेला चित्रकार विरळा. त्यांच्यावर मी पुरवणीत एक लेख लावला. छान होता. पहिल्या पानावर जागा मिळाली नाही. आतल्या पानात, आरोग्य सल्ल्याच्या खाली.

वेरूळचा एक किस्सा सांगून टाकतो, कारण तिथे आमची नवी पिढी बसली आहे. कैलास लेणं. वरून खाली, एका अखंड कातळातून. ते कुणी केलं, या प्रश्नाचं आपल्या मराठीतलं जुनं उत्तर कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त आहे. राजा आजारी, राणीने नवस बोलला की शंकराचं देऊळ बांधीन आणि कळस बघितल्याशिवाय अन्न घेणार नाही. कारागीर म्हणाले, कळसाला महिने लागतील, राणी जाईल. तेव्हा पैठणचा कोकस पुढे आला. म्हणाला, आठवड्यात दाखवतो. त्याने काम वरून सुरू केलं. आधी कळस! काय डोकं आहे बघा. कोकसाचंही आणि गोष्ट रचणाऱ्याचंही. एका तांत्रिक कोड्याला उपाशी राणी जोडली की ते शतकानुशतकं टिकतं. त्याहून जुना पुरावा राष्ट्रकूटांचा, बडोद्याला सापडलेला इसवी सन 812 चा कर्क सुवर्णवर्ष याचा ताम्रपट. त्यात वर्णन असं की देवळाकडे बघून आकाशातले देव थक्क झाले, आणि खुद्द करणारा कारागीरही चकित झाला की हे माझ्या हातून झालं कसं. कारागिराचं नाव तिथेही नाही, पण त्याची भावना तरी नोंदली.

आमच्या डिजिटलच्या खोलीतल्या मुलाला मी हे दोन्ही सांगितलं. हुशार पोरगा. मन लावून ऐकलं. संध्याकाळी मथळा टाकला: ‘कैलास मंदिर माणसाने बांधलं की परग्रहवासीयांनी?’

‘अरे, भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतात उघड्या डोळ्यांनी!’

‘सर, शेवटी प्रश्नचिन्ह आहे ना. आपण काही म्हणत नाही.’

पोरगा चूक नव्हता. आमच्या वेळी ‘म्हणे’ होतं, त्याच्या वेळी प्रश्नचिन्ह आहे. फरक एवढाच की ‘म्हणे’त निदान गावातलं कुणीतरी बोलत असायचं.

निवृत्तीच्या आधीच्या फेब्रुवारीत मी ठरवलं की एकदा तरी गिलचं काम छापायचं. 1864 च्या पुस्तकातला एक स्टिरिओ फोटो मिळवला. गिलने 1856 पर्यंत केलेल्या चित्रांवरून जॉर्ज शार्फने केलेली रेखाचित्रं मिसेस स्पीयर यांच्या ‘लाइफ इन एन्शंट इंडिया’ या पुस्तकात आली होती. पुस्तक निघालं ते साल पारोच्या मृत्यूचंच. दहा वर्षांनी मूळ चित्रं जळाली; काहींची एवढी काळी रेघच मागे राहिली. त्यांतलं एक रेखाचित्र घेतलं. पान लावणारा आता दुसरा होता, वयाने लहान. त्याने डमी बघितली.

‘सर, कबर?’

‘यंदा नाही.’

‘मग प्रेमकथा कळणार कशी?’

शेवटी तडजोड म्हणून मी म्हटलं, कबर घेऊ, पण गिलची. तो 10 एप्रिल 1879 ला गेला आणि भुसावळला, युरोपियनांच्या दफनभूमीत त्याला पुरलं. इतक्या वर्षांत त्या कबरीचा एकही फोटो आमच्या फाइलमध्ये नव्हता. भुसावळच्या ओळखीच्या वार्ताहराला फोन लावला. नाव, साल, ठिकाण सांगितलं.

‘रॉबर्ट गिल म्हणजे तो पिक्चरमधला ना, भाऊ?’

‘तोच.’

‘आणि त्याचं खरं नाव काय व्हतं?’

‘रॉबर्ट गिल.’

पलीकडे रेल्वेचा भोंगा वाजला. तो थांबेपर्यंत दोघंही गप्प राहिलो. मग तो म्हणाला, ‘बरं, जातो उद्या सकाळी. फोटो आडवा काढू का उभा?’